खालच्या पायरीचा राक्षस

तो राक्षस आमच्या घरी आला तेव्हा एकटा नव्हता. जॉर्ज टाउनच्या गल्लीतून अम्माने जोडी घेतली होती: एक मुकुटवाला वीर, हातात धनुष्य, आणि एक राक्षस, हातात गदा, डोळे बटाट्याएवढे, मिशा कानापर्यंत. कोलूसाठी, म्हणजे नवरात्रात आम्ही पायऱ्यांवर बाहुल्या मांडतो त्यासाठी, दरवर्षी एक तरी नवी बाहुली घ्यायची अशी रीत. दोन्ही बाहुल्या पेंढ्यात गुंडाळून आम्ही बसने अण्णा नगरला परतलो आणि पिशवी उघडली, तर वीर कमरेत दुभंगलेला. राक्षसाच्या मिशीचा रंगसुद्धा उडाला नव्हता. अम्माने कपाळावर हात मारला. वीर नाही तर राक्षस कशाला, त्याला परत देऊन या असं ती अप्पांना म्हणाली. अप्पा म्हणाले की दुकानदार हसेल. माझी धाकटी बहीण हंसा तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली होती, तिने राक्षसाला छातीशी धरलं आणि भोकाड पसरलं. शेवटी निकाल लागला की राक्षस राहील, पण सगळ्यात खालच्या पायरीवर, कडेला. तामिळमध्ये मिशीला मीसै म्हणतात, म्हणून तो आमचा मीसैमामा झाला. गदा उगारून उभा, आणि समोर कुणीच नाही.

वरच्या पायऱ्या माझ्या होत्या. हे मी बढाई मारून सांगत नाही, घरात तसंच ठरलेलं होतं. मोठी मुलगी म्हणून कलश मी ठेवायची, मरप्पाची म्हणतात त्या लाकडी नवराबायकोच्या जोडीला जरीची चिंधी मी नेसवायची, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपुढे गायची ती मीच. आमच्यात कोलू बघायला आलं की गाणं म्हणावंच लागतं; न गाता सुंडल, म्हणजे फोडणीचे हरभरे, घेणं म्हणजे फुकट खाणं. मी गायचे, शेजारपाजारची मामी मंडळी माना डोलवायची, आणि कुणीतरी हमखास हंसाकडे वळून म्हणायचं, अक्काकडून शिक गो. हंसा खालच्या पायरीजवळ पालथी पडून मीसैमामाशी काहीतरी कुजबुजत असायची. माझ्या लेखी जग बरोबर होतं.

विजयादशमीच्या संध्याकाळी आरती झाली की एका बाहुलीला पायरीवर आडवं करून निजवायचं, आणि निजवताना लाली, म्हणजे अंगाई, म्हणायची. ते गाणं अम्माला तिच्या आईकडून आलेलं, आमच्या तंजावरी मराठीतलं. पुण्याच्या माझ्या सासरच्यांना आजही त्यातलं निम्मं कळत नाही. देवांनो निजा, हत्तींनो निजा, चेट्टियार दुकान बंद करा, असं पायरी पायरीने खाली, चेट्टियार वाण्याच्या बाहुलीपर्यंत, यायचं. शेवटच्या ओळीत चार भलेमोठे संस्कृत शब्द. मी सहा वर्षांची असताना पहिल्यांदा एकटीने लाली म्हटली, शेवटाला आले आणि ते चारही शब्द पसार झाले. सगळे माझ्याकडे बघत होते. थांबूनच राहायचं तर नाक कापलं जाणार, म्हणून मी त्याच चालीवर म्हणून टाकलं, ‘उद्यां इडली आहे, लौकर उठा.’ बायका पदराआड हसल्या. अम्माने दुसऱ्याच दिवसापासून खरी ओळ घोटून घ्यायला सुरुवात केली, पण ती माझ्या जिभेवर बसायला एक-दोन नवरात्रं गेली. त्यानंतर मी कधी चुकले नाही. अप्पा या सगळ्या काळात आतल्या खोलीत असायचे, चेहऱ्यापुढे वर्तमानपत्र. माझं गाणं त्यांना कसं वाटतं हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. बाहेर मामी लोक एवढं कौतुक करत असताना त्या वर्तमानपत्रामागून एक शब्द यावा म्हणून माझे कान तिकडे लागलेले असत.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली रस्त्यावर रुग्णवाहिका सतत, कारण आसपास दवाखानेच दवाखाने. त्यात कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्या घरातली मालिका, आणि सकाळी अप्पांची अंबत्तूरला निघताना अडून बसणारी स्कूटर. ते तिथे एका छोट्या कारखान्यात भांडार सांभाळायचे. रविवारी अम्मा रसवांगी करायची, वांगी चिंचेच्या रसात मऊ होऊन विरघळायला आलेली, आणि बरोबर उडदाच्या पिठाची डांगर पचडी. अशा घरात जेवणाच्या टेबलावर एक दिवस हंसाचा कॉम्प्युटर आला आणि मग तो तिथून हललाच नाही. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवू लागलो. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, मी एम.कॉम. करून बँकेच्या परीक्षा देत होते. हंसा आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून गेम करताहेत एवढं माझ्या कानावर आलं होतं, आणि मी ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं होतं.

गेम असा होता. एक उंच जिना, त्याच्या पायऱ्यांवर गावं, बाजार, हत्ती, दुकानं, लग्नाच्या वराती. मुकुट घातलेले वीर बाहेरून येतात आणि वर चढत जातात. वाटेत जे दिसेल ते लुटतात, कारण त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की ते वीर आहेत. आपण वीर नाही. आपण खालच्या पायरीवरचा राक्षस. गदा घेऊन त्यांना अडवायचं, वरच्यांना वाचवायचं, आणि वरचे मात्र आपल्यालाच भिऊन दारं लावून घेतात. हंसाने त्याचं इंग्रजी नाव काहीतरी भारदस्त ठेवलं होतं, घरी सगळे त्याला ‘पायरी’ म्हणायचे. गेम पुरा व्हायच्या आधीच तो विकायला ठेवला होता. अर्ली अ‍ॅक्सेस म्हणतात त्याला. भाजी शिजत असतानाच पाहुण्यांना पळीभर चाखायला द्यायची, ते म्हणतील मीठ कमी की घालायचं. मला हा प्रकार निर्लज्जपणाचा वाटला. मी वर्षानुवर्षं घोटल्याशिवाय चार माणसांपुढे एक कर्नाटकी कृती गात नव्हते, आणि ही अर्धकच्चं वाढून वर पैसे घेत होती. पण लोक घेत होते. कुठले कुठले लोक, ज्यांना कोलू म्हणजे काय ते माहीत नाही, ते हंसाला लिहायचे की तुमच्या राक्षसासाठी आम्ही रडलो.

त्यातला सर्वांत मोठा वीर चालताना गुणगुणायचा. हनुवटी जराशी वर, उजवा हात मांडीवर ताल धरलेला. आमचा आतेभाऊ गेम बघून इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि म्हणाला, अरे ही तर पद्मा. मी हंसाकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती, पण ओठांचे कोपरे वर. मला राग आला हे खरंच, पण त्याहून मोठं दुखणं वेगळं होतं. आयुष्यभर मी जिला खाली पालथी पडलेली बघितली तिने तिथून माझ्याकडे इतकं नीट बघून ठेवलं होतं, आणि मला तिच्याबद्दल एवढंही सांगता आलं नसतं की ती कुठल्या हाताने मीसैमामाला धरायची.

तरी हे सगळं मी पचवलं असतं. अप्पा गेम खेळायला लागले ते मला पचलं नाही. हंसाने एका संध्याकाळी सहज म्हणून त्यांना बसवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःहून बसू लागले. अंबत्तूरहून यायचे, पाय धुवायचे, विभूती लावायची, कॉफीचा डबरा, म्हणजे पसरट वाटी, घ्यायचा आणि टेबलाशी. मी हॉलमध्ये तंबोऱ्याची पेटी लावून रियाजाला बसायचे तेव्हा हाच माणूस वर्तमानपत्र उचलून आत जायचा. आता तो खुर्चीच्या कडेवर पुढे झुकून बसला होता, जीभ दातांत धरून, शाळकरी पोरासारखा. मी कॉफी नेऊन दिली तर माझ्याकडे न बघता हात पुढे केला. हंसा शेजारी उभी राहून ‘डावीकडे अप्पा, डावीकडे’ म्हणत होती आणि तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता. आमच्या घरात बापाच्या खांद्यावर कुणी हात ठेवत नसे. मी स्वयंपाकघरात जाऊन नारळ किसायला घेतला आणि गरज नसताना अख्खा किसला. अम्माने विचारलं, एवढं कशाला. मी म्हटलं, चटणीला. माझ्या पोटात जे दुखत होतं त्याला नाव द्यायची मला लाज वाटत होती. आज वाटत नाही. तो शुद्ध मत्सर होता, आणि मत्सर करावा असंच माझ्यापुढे घडत होतं.

मग एक मजा झाली. अप्पा रोज खेळायचे आणि रोज मरायचे. पहिल्या आठवड्यात हंसाला वाटलं की बोटं बसली नाहीत. पण बोटं चांगली बसली होती. बारीकसारीक वीरांना ते सटासट उडवायचे. गुणगुणणारा मोठा वीर आला की मात्र ते गदा खाली ठेवायचे. गेममध्ये तसं एक बटण होतं, वरचं सामान उचलायला हात मोकळा करायचा तेव्हा वापरायचं. गदा ठेवून अप्पा कीबोर्डवरून दोन्ही हात काढायचे, जोडायचे आणि वाट बघायचे. वीर बाण मारायचा, राक्षस पडायचा, पडदा काळा व्हायचा आणि ‘पुन्हा खेळा’ यायचं. अप्पा थोडा वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत बसायचे. एका संध्याकाळी त्यांनी हंसाला हाक मारली. कारखान्यात आलेल्या मालात खोट निघाली की ते ज्या गंभीर आवाजात बोलत त्याच आवाजात म्हणाले,

“हें बरोबर होईना गो. मी गदा खालीं ठेवलों, नमस्कार केलों, त्याच्या हातानें मेलों. मोक्ष कोठें आहे?”

हंसाला आधी कळेचना. मग तिने समजावलं की मरायचं नाही, मेलात तर हरलात. अप्पांना ते पटेना. सगळ्या कथांमध्ये राक्षस शेवटी वीराच्या हातून मरतो आणि त्यातून सुटतो. तोच त्याचा विजय. लहान पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट या कॉलेज शिकलेल्या मुलींना माहीत नसावी याचं त्यांना नवल वाटत होतं. हंसा म्हणाली की हा वीर देव नाही, लुटारू आहे, आम्ही मुद्दामच उलटं केलंय. अप्पा म्हणाले की वीर कसाही असो, राक्षसाने एवढी राखण केली, थकला, गदा ठेवली, हात जोडले. त्याला काळा पडदा देणं बरं नव्हे. ते उठून जेवायला गेले. हंसा मात्र बसून राहिली. मला वाटलं होतं की ती मैत्रिणींना फोन करून अप्पांची नक्कल करील. तिने फोन केला, पण हसली नाही. पुढचे कितीतरी दिवस ती आणि त्या दोघी राक्षसासाठी नवा शेवट रचत होत्या. गदा खाली ठेवली तर काय होईल ते.

नवरात्र आलं. मी पायऱ्या मांडल्या, मीसैमामाला खालच्या पायरीवर कडेला ठेवलं, तर संध्याकाळी तो मधोमध आलेला. अम्माने हलवला होता. बघायला येणारे त्याच्याबद्दलच विचारतात म्हणाली. खरंच होतं. बायका आल्या की कलशाला हात जोडायच्या, आणि दुसऱ्या श्वासाला, तो गेमातला राक्षस हाच का? वरच्या मजल्यावरची मामी, जी दरवर्षी माझ्याकडून एक नव्हे दोन गाणी म्हणवून घ्यायची, तिने मला गायला सांगितलं. मी आलापाला सुरुवात केली. आवाज त्या दिवशी लागला होता, मला आठवतंय, कारण असा आवाज क्वचित लागतो. गाण्याच्या दुसऱ्या भागावर, अनुपल्लवीवर, येते तोच टेबलाकडून पोरांचा गलका झाला, कुणीतरी वीराला पाडलं होतं, आणि मामीची मान तिकडे वळली. तिच्या मागोमाग सगळ्यांच्या. मी गाणं पुरं केलं. माझ्याकडे बघत होते ते फक्त लाकडी मरप्पाची नवराबायको. सुंडलाचे द्रोण वाटताना हंसाचा द्रोण मी अर्धाच भरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हंसा माझ्याजवळ आली. मी केळीचे वेफर डब्यात भरत होते. ती जमिनीवर बसली आणि बराच वेळ डब्याचं झाकण फिरवत राहिली. मग तिने सांगितलं की नवा शेवट तयार आहे. राक्षस गदा ठेवतो, पडतो, पण पडदा काळा होत नाही. वरच्या पायऱ्यांवरची बंद दारं उघडतात, सगळ्या बाहुल्या एकेक करून खाली उतरून येतात आणि त्याला निजवतात. तिथे लाली हवी होती.

“अक्का, तूच म्हण. दुसऱ्या कोणाचा आवाज मज नोको.”

इतकी वर्षं झाली तरी ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकू येतं. तेव्हा मला त्यात फक्त एवढंच ऐकू आलं की हिला आता हेही हवंय. वरच्या पायऱ्या तिच्याकडे गेल्या, मामी गेली, अप्पा गेले. लाली उरली होती. ती मोठ्या मुलीची, अम्माने मला दिलेली, आणि हंसा ती जगभरच्या परक्या लोकांना पळीपळीने चाखायला देणार होती. मी म्हटलं, “नाही. ती बाहुल्यांची आहे, गेमची नाही.” हंसाने एकदाच मान हलवली, सेरी अक्का, बरं अक्का, म्हणाली आणि उठून गेली. तिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर कदाचित मी दिली असती, कदाचित नसतीही. मला या नकाराचा फारसा पश्चात्ताप नाही, आणि का नाही ते पुढे येईलच.

विजयादशमीला मी मरप्पाची जोडप्याला निजवलं आणि लाली म्हटली, चारही संस्कृत शब्दांसकट, एक मात्रा इकडची तिकडे नाही. हंसा मागे उभी होती. अप्पा आत, वर्तमानपत्र. दुसऱ्या दिवशी बाहुल्या जुन्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळून माळ्यावर गेल्या.

पुढे काही दिवसांनी हंसाचा नवा शेवट आला. मला कुणी सांगितलं नाही. आतेभावाने फोन करून विचारलं की तू ऐकलंस का. म्हणजे गाणं होतं. मला वाटलं की तिने कुठल्या तरी गाणारीला पैसे देऊन माझी लाली म्हणवून घेतली, आणि ती माझ्याहून बरी गायली असेल या विचाराने माझं डोकं भणभणलं. घरात कुणी नव्हतं. हंसा बाहेर, अम्मा देवळात. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या टेबलाशी बसले. नीट खेळायला मला येत नव्हतं, आणि ते बरंच होतं, कारण मला हरायचंच होतं. कसाबसा तो वीर आला, गुणगुणत, हनुवटी वर. मी ते बटण शोधून गदा खाली ठेवली. बाण आला. राक्षस पडला. दारं उघडली.

आवाज अप्पांचा होता. बेसूर, खर्जात सुरू करून मध्येच वर न पोचणारा, श्वास चुकीच्या जागी घेणारा. देवांनो निजा. हत्तींनो निजा. चेट्टियार दुकान बंद करा. मागे बारीक आमच्या पंख्याची कुरकुर होती. पायरी पायरीने ते खाली आले, एकही पायरी न चुकता, आणि शेवटाला थोडे थांबले, म्हणजे सहाव्या वर्षी मी थांबले होते तेवढेच. मग म्हणाले, उद्यां इडली आहे, लौकर उठा.

मी ते पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकायचं तर पुन्हा मरावं लागे, तशी मरत राहिले. संध्याकाळी अप्पा आले, पाय धुतले, विभूती लावली. मी कॉफी नेली आणि डबरा हातात न देता विचारलं की लाली तुम्हाला कधी आली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना त्यांचं नाव विचारलं.

“तूं म्हणत होतीस, मी घरांतच होतों की.”

मी म्हटलं की शेवटची ओळ तशी नाही, ती माझी लहानपणची चूक, अम्माने कधीच सुधारली, गेली कितीएक वर्षं मी बरोबर म्हणते. त्यांनी डबरा माझ्या हातून घेतला.

“तें असेल. मज हेंच येतें.”

एवढं बोलून ते टेबलाशी गेले. हंसाने नंतर सांगितलं की तिने त्यांना विचारलंही नव्हतं. मी नाही म्हटलेलं त्यांनी वर्तमानपत्रामागून ऐकलं होतं. मी क्लासला गेले असताना ते तिच्याकडे आले आणि म्हणाले की तिला नको तर राहू दे, मज ठाऊक आहे. मी हो म्हटलं असतं तर तिथे माझा आवाज असता, सुरेल आणि बिनचूक, आणि वर्तमानपत्रामागे काय होतं ते मला कधी कळलं नसतं.

माझा मत्सर यातून गेला असं कुणी समजू नये. त्याने फक्त जागा बदलली. अप्पांनी मला कधी निजवलं नाही. त्या काळी आमच्यात बाप निजवत नसत. ते गायले ते एका मिशाळ राक्षसासाठी, आणि तेही मला सहा वर्षांची धरून. आता हंसाशी माझं चांगलं जमतं. फोनवर आम्ही तास तास बोलतो, ती मला अजून तिच्या वीराच्या हनुवटीवरून चिडवते. पण त्या राक्षसाचा मला अजून हेवा वाटतो.

गेम कधी पुरा झालाच नाही. मैत्रिणी पांगल्या, एकीचं लग्न, एक परदेशी, हंसा दुसऱ्या कामात गेली. दुकानाच्या पानावर तो अजून अपूर्ण म्हणूनच आहे. अप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे फोटो आहेत, पण आवाज कुणी कुठे धरून ठेवला नाही, तेवढा तो एक सोडून. माझा मुलगा तो गेम असलेला जुना कॉम्प्युटर टाकून द्यायला निघाला होता, मी दिला नाही. पुण्याच्या घरात तो माझ्या खोलीत आहे. विजयादशमीला दिवा लावून झाला की मी त्याच्यापुढे बसते. बोटं आता दुखतात, छोटे वीर मला चुकवून वर जातात, त्यांच्यामागे मी धावत नाही. मोठा येतो, हनुवटी वर करून गुणगुणत. मी गदा खाली ठेवते, कीबोर्डवरून हात काढते, आणि जोडते.